मायाळू डोळ्यांचा मुखवटा

मित्रांनो, मला पाहून दचकायचं असेल तर खुशाल दचका. मला बरंच वाटेल. माझ्या तोंडाला दोन सुळे आहेत, गाल शेवाळासारखे हिरवे आहेत, जीभ हनुवटीपर्यंत लोंबते आहे आणि कपाळावर एक चीर आहे, तीही मुद्दाम पाडलेली. मी हडळीचा मुखवटा आहे, आणि आता जुना झालो आहे. तसं माझं वय फार नाही, पण कागदाच्या लगद्याने पेणचे काही पावसाळे काढले की त्याला म्हातारपणच म्हणायचं.

एवढा साजशृंगार असूनही जन्मापासून एक खंत माझ्या पाठी लागली होती. मला पाहून कुणी घाबरत नसे. घाबरवण्यासाठीच घडवलेल्या वस्तूला याहून मोठं दुःख कोणतं असेल? ते दुःख कसं आलं आणि कसं गेलं, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म पेणला, किमयाच्या वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात झाला. बाप्पा गावोगावी गेले की कारखाना रिकामा होतो. मांडण्या मोकळ्या, साचे भिंतीला टेकवलेले आणि जमिनीवर रंगाचे वाळलेले थेंब. त्या मोकळ्या दिवसांत रविवारच्या दुपारी किमया आणि तिचे कॉलेजपासूनचे दोन मित्र तिथे भुताचे सिनेमे बघायला जमत. खिडक्यांना गोणपाट लावायचं, भिंतीवर चादर ताणायची, किमयाचा जुना प्रोजेक्टर सुरू करायचा आणि मध्ये तळलेल्या मिरगुंडांची परात ठेवायची. त्या बैठकीला नियम एकच होता. सिनेमा बघताना जो पहिला दचकेल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा.

माझ्या जन्माआधीचं हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. ज्या रद्दीतून मी झालो, ती त्याच कोपऱ्यात पडून होती ना! रद्दीला सगळं ऐकू येतं, फक्त तिला कुणी विचारत नाही.

सिनेमे भुताचेच, पण आवडीचं म्हणाल तर प्रत्येकाची तऱ्हा निराळी. यूनुस राहायला पेणला आणि कामाला रोह्याजवळच्या एका कंपनीत, शिफ्टमध्ये. त्याला भूत समोर दिसायला हवं. रक्त हवं, नखं हवीत, मान उलटी फिरायला हवी. नाओमी रोह्याची, तिथल्याच शाळेत शिकवणारी. ती रविवारी गाडीने पेणला यायची. तिचं म्हणणं नेमकं उलटं. भूत दिसलं की भीती संपली. आपोआप हलणारा झोपाळा आणि बंद दारामागे वाजणारं भांडं तिला पुरे. किमयाला दोन्हींशी कर्तव्य नव्हतं. राक्षसाच्या पाठीवर पोशाखाची चेन दिसते, अशा भिकार सिनेमांवर तिचा जीव. ती चेन शोधून काढायची आणि हसून हसून लोळायची.

चौथ्या प्रेक्षक म्हणजे गिरजाबाई. कारखान्यात मूर्तींचे डोळे आखण्याचं काम त्यांचं. मोकळ्या दिवसांत त्या कोपऱ्यात बसून ब्रश साफ करत आणि एक डोळा चादरीकडे ठेवत. त्यांना कुठल्याच भुताची भीती वाटत नसे, कीव यायची. पडद्यावर हडळ किंचाळू लागली की बाकीचे कानात बोटं घालत, आणि गिरजाबाई विचारत, "बिचारीला जित्तेपणी कोणी पोटभर वाढलं तरी व्हतं का गो?" इतक्या वर्षांत त्यांच्यावर चहाची पाळी एकदाही आली नव्हती.

अशा चार दिशांना तोंडं असलेली ही मंडळी वाद घालत, मिरगुंडं खात आणि सुखाने घाबरत होती. मग यूनुसला कुवेतचा व्हिसा आला. जाण्याआधी तिघांनी मिळून स्वतःचा एक छोटा सिनेमा करायचा, असं त्याने मनाशी ठरवलं. मोबाइलवर का होईना, पण करायचा. दुसऱ्यांची भुतं पुष्कळ बघितली, आता आपलं एक पाहिजे, असं तो किमयाला म्हणाला. आणि भूत म्हटलं की यूनुसच्या डोळ्यांपुढे मुखवटाच येणार.

शिफ्ट सुटली की तो कारखान्यात यायचा. रद्दी भिजवायचा, डिंक घालून मळायचा आणि मातीच्या ओबडधोबड तोंडावर माझे थर चढवायचा. माझं नाक दोनदा गळून पडलं. सुळे त्याने करवंटी घासून केले आणि जीभ एका फाटक्या सीटकव्हरमधून कापून घेतली. काम करता करता तो गुणगुणत असे. इतक्या प्रेमाने कुणी भूत घडवलं असेल असं मला वाटत नाही.

राहता राहिले डोळे. ते त्याने गिरजाबाईंकडे सोपवले. रागाचे डोळे आपण कधी काढले नाहीत, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण पोरगा एवढा मागे लागलाय म्हणून त्यांनी ब्रश हातात घेतला, श्वास रोखला आणि भुवई ओढली. आता हाताची खोड ती, जाणार कशी? ज्या हाताने आयुष्यभर भक्ताकडे कृपेने बघणारे डोळे आखले, त्या हाताला डोळे वटारता येईनात. त्यांनी पुसून पुन्हा काढले. ते आधीपेक्षाही प्रेमळ झाले.

मी ओट्यावर वाळत असताना एक गिऱ्हाईक मूर्तीची ऑर्डर द्यायला आलं. लांबून माझे डोळे दिसताच त्याने चपला काढल्या आणि हात जोडले. जवळ आल्यावर सुळे दिसले, तेव्हा त्याने मुकाट्याने चपला पुन्हा घातल्या. मित्रांनो, भुताची एवढी फजिती तुम्ही कधी ऐकली आहे का?

त्या रविवारी यूनुसने मला रुमालाखालून बाहेर काढलं. किमया हसली, पण ती सगळ्यालाच हसते. नाओमीला मात्र हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली आणि म्हणाली, की ही हडळ मानगुटीवर बसायची नाही, उलट डब्यात लाडू भरून देईल. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण यूनुसचा चेहरा उतरला. ज्या गोष्टीसाठी माणूस झोप मोडतो, तिला कुणी हसलं की ते आतवर लागतं.

रागाच्या भरात त्याने नाओमीची एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलून टाकली. कधीतरी तिने ती त्याला विश्वासाने सांगितली होती.

"ही काय मला सांगते?" तो म्हणाला. "ही तर कुलपाला घाबरते. आत्याच्या घराची किल्ली हिच्या पर्समधी, आन् दार उघडायला शेजारचं माणूस बोलवते."

हन्नाआत्याचं कुटुंब इस्रायलला गेलं, तेव्हापासून नाओमीच्या शेजारचं ते घर बंद आहे. आतून कुणीतरी हाक मारेल असं तिला वाटतं. नाओमीने पर्स उचलली आणि ती स्टेशनवर गेली. त्या दिवशी चहा कुणीच केला नाही.

मग मला खिळ्यावर लटकवण्यात आलं. नाओमी येईना, यूनुस आला तरी चादर ताणत नसे. गोणपाट काढलेल्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि त्या उजेडात मी नुसता मायेने बघत बसायचो. यूनुसच्या जाण्याचा दिवस जवळ येत होता. ही पोरं अशीच एकमेकांना न भेटता पांगतील आणि त्याला कारण मी ठरेन, या विचाराने माझा लगदा आतून ओला झाला. सिनेमा होवो न होवो, घाबरो न घाबरो कुणी, पण या दोघांनी बोलावं, एवढंच मला वाटत होतं.

शेवटी गिरजाबाईच बोलल्या. "ती मुखवट्याला हसली. तू तिला हसलास. दोन्ही एक नाय रं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन यूनुसने मला कापडी पिशवीत घातलं, मोटरसायकलला अडकवलं आणि रोह्याची वाट धरली. गडब गावाच्या पुढे रस्ता असा होता की माझा एक सुळा सैल झाला. आजही तो हलतो.

नाओमी पायरीवर बसून शाळेच्या वह्या तपासत होती. यूनुस समोर उभा राहिला. मग तो शेजारच्या, आत्याच्या बंद घराच्या पायरीवर जाऊन बसला. मला त्याने मांडीवर घेतलं होतं. वर चौकटीला मेझुझा होती. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या, घराच्या दाराला ती छोटी डबी असते, आत जाताना तिला बोट लावून ते ओठांना लावतात. दाराला मोठं कुलूप होतं.

"मी लहान होतो तवा अब्बा कुवेतला," तो खाली मान घालून म्हणाला. "घरात नुसता त्यांचा फोनवरचा आवाज. माणूस नाय. जे दिसत नाय त्याला मी तवापासून भितो. म्हणून मला भूत समोर लागतं. तुझी गोष्ट मी बोलायला नको व्हती."

नाओमी हसली नाही. तिने वह्या बाजूला ठेवल्या, पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. कुलूप त्याने उघडलं, पण उंबरठ्यावर त्याचे पाय थबकले. मग नाओमीने चौकटीला बोट लावलं आणि तीच आधी आत गेली. आत एक घडीची खाट होती, जुनं कॅलेंडर होतं आणि कोंडलेला वास होता. हाक कुणी मारली नाही. दोघांनी मिळून खिडक्या उघडल्या आणि तिथेच उभं राहून पुन्हा सिनेमावरून भांडायला सुरुवात केली. ते भांडण ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू!

तोडगा नाओमीने काढला. बंद घराच्या त्या पायरीवर भरदुपारी एक बाई पाठमोरी बसलेली असेल. बाकी काही नाही. यूनुसने विचारलं, ती वळणार का? नाओमीने थोडा विचार केला आणि शेवटी एकदाच वळेल असं कबूल केलं. दोघांनी आपापली अर्धी आवड सोडली, आणि अर्धी मात्र हट्टाने राखली.

लुगडं नेसून, मला तोंडावर बांधून किमया पायरीवर बसली. तिचं हसू दाबताना माझे काय हाल झाले ते मलाच ठाऊक. तिच्या श्वासाने माझी हनुवटी नरम पडली. पण ती पाठमोरी असल्याने कॅमेऱ्याला नुसते हलणारे खांदे दिसले, आणि बघणाऱ्याला वाटावं की बाई रडते आहे.

यूनुसच्या पेणमधल्या शेवटच्या रविवारी खिडक्यांना पुन्हा गोणपाट लागलं. परात भरली. चादरीवर रोह्याची ती आळी उमटली. ऊन होतं, कुलूप होतं, पाठमोरी बाई होती. वाऱ्याने तिच्या पदराचं टोक हलायचं, बस्स. कुणी मिरगुंड उचलेना, कारण चावल्याचा आवाज झाला असता. किमयासुद्धा गप्प झाली होती. गिरजाबाईंचा ब्रश हातातच राहिला.

मग ती बाई वळली. सावकाश. चादरभर माझा चेहरा आला. आणि त्या हिरव्या गालांतून, सुळ्यांवरून, गिरजाबाईंनी आखलेल्या डोळ्यांनी मी सरळ समोर बघितलं, आईने लेकराकडे बघावं तसं.

कारखाना दणाणून जाईल अशी किंकाळी उठली. ती यूनुसची नव्हती, नाओमीचीही नव्हती. रंगाच्या पाण्याचा डबा कलंडवून गिरजाबाई उभ्या राहिल्या होत्या आणि पदर तोंडाशी धरून थरथरत होत्या. मग यूनुस म्हणाला, "मावशी, डोळे तुम्हीच काढलेत ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "पन मी काढले तवा ते माझ्याकडं बघत नव्हते. रागानं बघितलं असतं तर मला काय नाय वाटलं असतं रं. ती मायेनं बघतेय, आन् मी तिला वळखत नाय."

आधी यूनुस हसू लागला, मग नाओमी, मग स्वतः गिरजाबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. त्या हशात मला कुणी हसत नव्हतं. मित्रांनो, ज्यांच्या हाताने मला निरुपद्रवी केलं होतं, त्यांनाच मी घाबरवलं. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

आणि नियम म्हणजे नियम. गिरजाबाईंनी डोळे पुसले आणि स्टोव्ह पेटवला. हात अजून कापत होते म्हणून साखर दुप्पट पडली. यूनुसने तो पाक दोनदा मागून घेतला. नाओमीनेही घेतला. स्टेशनवर सोडायला तो तिच्याबरोबर चालत गेला, आणि कुठला सिनेमा भिकार, यावर ते वाटभर वाद घालत होते.

आता यूनुस कुवेतला आहे. कारखाना रिकामा असला की रविवारी किमया मोबाइल साच्याला टेकवून ठेवते आणि तो तिकडून सिनेमा बघतो. नुसता आवाज नको, सगळ्यांचे चेहरे दिसलेच पाहिजेत, ही त्याची अट. नाओमी आता आत्याचं घर स्वतः उघडते, झाडते आणि बंद करते. भीती वाटते का, असं विचारलं तर थोडी वाटते म्हणते. मी माझ्या खिळ्यावर आहे. उंदरांनी डावा कान कुरतडला आहे, ओलीने गालाचे पोपडे निघाले आहेत. बाप्पांचं काम सुरू झालं की मला साच्यांमागे ढकलतात आणि विसरतात. त्याचं मला वाईट वाटतं, पण बाप्पांपुढे हडळीने रुसायचं कसं?

तुमच्याही घरी एखादा असा मुखवटा, बाहुली, कुणीतरी झोप मोडून केलेली वस्तू असेल. तिला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून फडका फिरवा. आणि एवढं माझं ऐका. कुणी रक्ताला घाबरतं, कुणी कुलपाला, कुणी मायेच्या डोळ्यांना. तुमच्या शेजारी बसलेलं कुणी दचकलं, तर हसा, जरूर हसा. पण आधी चहा ठेवा.