दातांच्या दवाखान्यातला नमस्कार

विनोदी लेखकाचे प्रवासलेख वाचून लोक पोट धरून हसत. त्याची बायको मात्र शेवटपर्यंत वाचून "बरा आहे" एवढंच म्हणे, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागे. या खेपेला परमुलखाच्या प्रवासात तिला हसवायचंच, असा त्यानं चंगच बांधला होता. आणि नेमकी तिची दाढ ठणकायला लागली!

"अहो, आधी दाढ काढून द्या. मग लेख काढा," ती गाल धरून म्हणाली.

"लेखाचं नावसुद्धा काढणार नाही!" तो म्हणाला, आणि दवाखान्याच्या दारातच मनातल्या मनात लेख सुरू. जित्याची खोड!

आत ना नंबर, ना कारकून. दोघं आत शिरताच एका मफलरवाल्यानं हात वर केला. लेखक विरघळलाच. काय गोड माणसं, अनोळख्यालाही नमस्कार! मग टोपीवाले आजोबा दारात येऊन हात वर करून थांबले, तर यानं तोंडभर हसत हात वर केला. पाठोपाठ एक लठ्ठ बाई, मग एक पोस्टमन आला. आजोबा हात उचलायला जात, तोवर याचा वर गेलेला असे. पाहुण्यानं का मागे राहावं?

मफलरवाला आत जाऊन, दात काढून घरी गेला. डॉक्टरांचं दार उघडंच. कुणी हलेना, सगळे लेखकाकडे बघत बसलेले.

"काय संयम आहे बघ यांचा!" लेखक पुटपुटला.

"संयम कसला, कपाळ!" बायको गाल दाबत म्हणाली. "तो नमस्कार नाही हो! मघापासून बघतेय मी, येणारा हात वर करून विचारतो, रांगेत शेवटचा कोण. जो शेवटचा, त्यानंच हात वर करायचा. आता पाळी आपली आहे, आणि हे तिघंही आपला नंबर तुमच्याच मागे धरून बसलेत!"

ती तरातरा आत गेली. दार लागलं मात्र, तिघं एकदम उठले. प्रत्येक जण लेखकाकडे बोट दाखवून आपला नंबर सांगू लागला. भाषा कुणाला येतेय! बिचारा घामाघूम झाला. तेवढ्यात दारात आणखी एक जण आला आणि त्यानं हात वर केला. सवयीनं लेखकाचाही गेला!

भांडण जागच्या जागी थांबलं आणि सगळी खोली खो खो हसू लागली. आतलं दार उघडून बायको बाहेर आली. नवऱ्याचा हात अजून वरच. ती तोंडातला कापूस सांभाळत, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. लेखक बघतच राहिला. त्याला इतका आनंद झाला, की हात खाली घ्यायचंही भान राहिलं नाही.

"लिहू का गं हे?" त्यानं हळूच विचारलं.

"नको," ती गाल धरून म्हणाली. "लिहिलंत तर पुन्हा 'बरा आहे' म्हणावं लागेल."