टेकडीवरून दिसणारा परदेश

सीमा जमिनीवर नसते, ती माणसाच्या काळजात असते. हे वाक्य त्या शहराच्या जुन्या वेशीवर संगमरवरात कोरलेले आहे. त्याच्याखाली ‘येथे सायकली लावू नयेत’ असे रंगवले आहे आणि त्याच्याखाली सायकली लावलेल्या आहेत. काळजाचे ठाऊक नाही, पण वेशीतून आत शिरायला आम्हाला सायकली बाजूला कराव्या लागल्या.

आम्ही म्हणजे मी, बायको आणि माझे सासरे. सासऱ्यांना सगळे गाव ‘सर’ म्हणते, म्हणून घरातही ते सरच. हयातभर भूगोल शिकवून ते निवृत्त झाले. मला ते ‘जावईबापू’ अशा स्वरात हाक मारतात, की आपण गृहपाठ करून आलेलो नाही याची खात्रीच पटावी.

सरांचा जन्म या शहराबाहेरच्या एका खेड्यातला. लहानपणीच आई गेली आणि थोरल्या बहिणीने, आक्काने, त्यांना वाढवले. पुढे आक्काचे त्याच गावात लग्न झाले, सर शिकायला आमच्या गावी वसतिगृहात आले, आणि त्याच वर्षी वरच्या लोकांनी रेषा ओढली. गाव पलीकडे गेले. तेव्हापासून भेट नाही, पत्र नाही. जेवताना विषय कुठलाही निघो, कढी पातळ झाल्याचा का असेना, तो फिरून आक्काच्या अंगणात जायचाच. मग सर ताटावरून उठायचे आणि बायको माझ्याकडे असे बघायची, की जणू रेषा मीच ओढली.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की पडदा खराब झाला आहे. ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही. जे बघायचे असेल ते आधी बघून घ्या. सरांनी फार विचार केला नाही. पलीकडे जाता येणार नव्हते, पण शहराजवळच्या टेकडीवरच्या मनोऱ्यातून पलीकडचा मुलूख दिसतो, असे त्यांनी ऐकले होते. आक्काचे घर एकदा नजरेला पडावे, एवढेच मागणे होते.

पहिला दिवस शहर बघण्यात गेला. शहर ऐतिहासिक असल्यामुळे कुठेही बसायला जागा नव्हती. हॉटेलच्या खिडकीतून एक तोफ दिसत होती आणि तिच्या तोंडात कबुतराने संसार मांडला होता. किल्ल्याखालच्या गल्लीत सीमेवरच्या खऱ्या काटेरी तारेचे तुकडे लाकडी ठोकळ्यावर ठोकून विकायला ठेवले होते. दुकानाच्या मागच्या बाजूला तारेचे कोरे करकरीत भेंडोळे पडले होते. बायकोने दोन तुकडे घेतले. एक वहिनीसाठी, आणि तो का, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी करून टेकडीवर गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना शेते होती, मधूनमधून पडके बुरूज होते आणि बुरुजांवर कपडे वाळत होते. मनोऱ्याच्या पायऱ्या सर एकदाही न थांबता चढले. वरती दुर्बीण होती, रांग होती आणि टोपी घातलेला एक गाईड होता. समोर बोट दाखवून तो आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, “तो परदेश.” लोकही आवाज खाली आणून “अरे बापरे” म्हणायचे.

सरांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मागची बाई कुरकुरली, तिला बायकोने एका कटाक्षात गप्प केले. मग सर हळूहळू सांगू लागले. ती विहीर. तो उतरत्या छपराचा गोठा. ते घर, दाराला अजून निळाच रंग. अंगणात कुणीतरी बसलेले दिसत होते, पाठमोरे. ते म्हणाले, “बसण्याची पद्धत तीच आहे.” बायकोने पदर डोळ्यांना लावला.

नंतर दुर्बीण माझ्याकडे आली. विहीर दिसली, गोठा दिसला, निळे दार दिसले. दारासमोरच्या रस्त्यावरून एक बस आली, थांबली, एक म्हातारा उतरला. बस आपल्या परिवहन मंडळाची होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते तसलीच, पाठीवर त्याच दंतमंजनाची जाहिरात.

मी गाईडला बाजूला घेऊन विचारले. तो जराही ओशाळला नाही. तह झाला, पुढे काही वर्षांनी दोन्ही सरकारांनी थोड्या गावांची अदलाबदल केली, तेव्हा हे गाव आपल्याकडे आले, असे त्याने सांगितले. खरी सीमा मागच्या डोंगराआड आहे, ती इथून दिसतच नाही. “लोक इतक्या लांबून येतात, साहेब,” तो म्हणाला, “त्यांना काय शेत दाखवायचं?”

सरांना सांगावे की सांगू नये, यावर आम्हा नवराबायकोत खाणाखुणांनी वाद झाला आणि नेहमीप्रमाणे मी हरलो, म्हणजे सांगायचे काम माझ्याकडे आले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “शक्य नाही. माझ्या पुस्तकात ते पलीकडे आहे.”

सर पाठ्यपुस्तकाच्या समितीत होते आणि पाचवीच्या पुस्तकातला नकाशा त्यांनीच तपासला होता. रेषेच्या बातम्या वाचवत नाहीत म्हणून त्या भागापुरता जुना नकाशा त्यांनी तसाच ठेवला होता. भूगोलाच्या माणसाने देशातला एवढाच कोपरा न बघता सोडला होता.

“मग चला की, बाबा,” बायको म्हणाली.

सर कठड्याला धरून उभे राहिले. पलीकडे जायला मिळत नाही म्हणून रडणारा माणूस, जायला मिळते म्हटल्यावर पांढराफटक पडला होता. “जावईबापू,” ते म्हणाले, “तिला काय सांगू? इतकी वर्षं मी का आलो नाही?” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच शिक्षक नव्हता. बायकोने त्यांचा हात धरला आणि जिना उतरायला लागली.

टॅक्सी निळ्या दारासमोर थांबली. अंगणात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर करून आम्हा तिघांना पाहिले आणि त्यातल्या एकावर नजर ठेवली.

“काय रे धाकट्या,” ती म्हणाली, “चालताना अजून डावा खांदा पाडतोस.”

सर वाकले, पाया पडले आणि वाकलेलेच राहिले. मग त्यांनी सीमा, तह, रेषा असे काहीतरी सुरू केले. आक्काने सुपातली एक शेंग फोडली.

“ठाऊक आहे. तुझं पुस्तक आमच्या शाळेत होतं, आत तुझं नाव-गाव छापलेलं,” ती म्हणाली. “नातवाला विचारलं, आपलं गाव कुठल्या देशात? तो म्हणाला, परदेशात. पेपरातही तेच लिहिलं पोरानं. पूर्ण मार्क मिळाले.”

बायकोला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. मग त्यांनी विचारले, की माझा ठावठिकाणा ठाऊक होता तर तू का आली नाहीस, निदान चार ओळी का लिहिल्या नाहीस?

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. हा प्रश्न कुणी विचारू शकतो याचेच तिला नवल वाटले असावे. “मोठी कोण?” ती म्हणाली.

मोठी तीच होती. धाकट्याने यायचे असते. दोन सरकारांनी बसून सोडवण्यासारखे त्यात काही नव्हते.

मग चहा झाला. सरांनी भिंतीपासून विहिरीपर्यंत सगळे हात लावून पाहिले. आक्काने त्यांचे डोळे उजेडाकडे फिरवून बघितले आणि डॉक्टरला अक्कल नाही असा निकाल दिला. निघताना दोघेही रडली. सर म्हणाले, “आता दर महिन्याला येतो.” ती म्हणाली, “ये. तुला कोण अडवतंय?”

ऑपरेशन चांगले झाले. सरांना आता चष्मा लावून पेपर वाचता येतो. जेवताना आक्काचा विषय निघत नाही. सुरुवातीला रविवारी फोन व्हायचा, आता सणवारी होतो.

सर पुन्हा तिकडे गेलेले नाहीत. अडचण कसलीच नाही.