आरशाचं कपाट

थोरल्याच्या हृदयात काही निघालं नाही, तर धाकट्याचा फायदा सरळ होता: त्याच्या कंबरेची निम्मी सुटका.

दोघे भाऊ लोकांची कपाटं, तिजोऱ्या जिन्यांवरून चढवत. जिन्यात वरचा नुसती वाट दाखवतो, वजन येतं खालच्याच्या अंगावर. म्हणून बापाने नियम घालून दिला होता: एक दिवस तू खाली, एक दिवस मी. पण अलीकडे जिना दिसला की थोरल्याला पित्त होई आणि पाळी धाकट्याच्या गळ्यात पडे. परवा तर थोरल्याला रिकाम्या हातानेच धाप लागली, तेव्हा डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला.

"नुसतं पडून राहायचंय," धाकटा म्हणाला. "दादा, तुझ्या हातचंच काम."

"तू बस वाट बघत. तेही कुणीतरी करायला हवं."

तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. काळं दिसतं ते जिवंत, पांढरं ते मेलेलं. एका बाजूला पांढरा पट्टा होता, आरपार.

"झटका जुना आहे. कधी दरदरून घाम, उलटी, हात दुखणं, असं झालं होतं?"

"पित्त झालं होतं एकदा," थोरला म्हणाला. "शाळेतल्या बाईंचं आरशाचं कपाट चढवलं, त्या दिवशी."

धाकट्याला तो दिवस पक्का आठवत होता. आदल्या दिवशी त्याला मुलगी झाली होती. त्याने दोस्तांना पाजली, स्वतःही ढोसली आणि सकाळी डुलतच कामावर आला. खालची पाळी त्याची. थोरल्याने त्याला एकदा निरखलं आणि म्हणाला, "तू वर हो." कपाट जागेवर लागलं आणि थोरला जिन्यात ओकत बसला. "प्यायलो मी, चढली दादाला!" म्हणून धाकटा पोट धरून हसला होता.

"शीर मोकळी केली तर?" त्याने विचारलं.

"मेलेलं परत येत नाही. उरलंय ते गोळ्यांवर जपायचं. वजन मात्र आता कायमचं बंद."

"दादा, बोलला का नाहीस रे?"

"काय बोलायचं? तुला मुलगी झाली होती." थोरला शर्टाची बटणं लावत होता. "आणि आरशाला चरा पडला नाही, तेही धर की हिशोबात."

धाकट्याने धरलं. बाईंना कपाट मिळालं, त्याला हसायला मिळालं. पाळी त्याची होती, भरली थोरल्याने.