आधी ओटी, मग सही

इंदापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या संस्थेचं कौटुंबिक समुपदेशन केंद्र आहे. दोन खोल्या, एक कपाट, सात खुर्च्या आणि वारा कमी, आवाज जास्त करणारा एक पंखा. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी बारामतीहून सकाळच्या गाडीनं तिथं जाते. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मोडायला आलेले किती संसार मी परत लावून दिले, ते संस्थेच्या अहवालात दरवर्षी ठळक छापून येतं. तो अहवाल मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसेल असा टेबलावर ठेवायची. आता खोटं कशाला बोलू.

मला लोक ‘ओटीवाल्या मॅडम’ म्हणतात. त्याचं कारण असं, की समझोता झाला की मी त्या बाईची ओटी भरून तिला नांदायला पाठवते. तांदूळ, नारळ, सुपारी, हळदकुंकू, खण सगळं केंद्राच्या कपाटात तयार असतं. कोर्टकचेरीसारखं कोरडं कशाला पाठवायचं, लेकीसारखं पाठवावं, असं माझं म्हणणं. क्रमही ठरलेला. आधी ओटी, मग समझोतापत्रावर सही. ओटी भरली की सगळ्यांचे चेहरे मऊ होतात, सह्या पटापट होतात. एकीनंही कधी सही करताना कां-कू केलं नाही. हे मी मोठ्या अभिमानानं सांगत असे.

याला आणखी एक कारण होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी भांडून माहेरी आले होते. आईनं आठ दिवस ठेवून घेतलं, नवव्या दिवशी ओटी भरली आणि भावाबरोबर परत धाडलं. मी रडत गेले, पण माणूस पुढं चांगला निघाला. आज तिशी उलटून गेली आमच्या संसाराची. मला फळलं ते सगळ्यांना फळणार, असा माझा सरळ हिशेब होता.

मागच्या वर्षी केंद्रात समिना आली. इंदापूरच्याच लियाकतभाईंची मुलगी. आमच्या ओटीचे खण त्यांच्याच दुकानातून येतात. मुलगी समाजकार्य शिकलेली, सव्वीस वर्षांची, आणि भयंकर हळू. समोरची बाई बोलायची थांबली, तर ही पण थांबायची. मिनिट मिनिट नुसतं बसायचं दोघींनी. मला ते बघवायचं नाही. बाहेर चार कुटुंबं ताटकळलेली, आणि इथं काय मौनव्रत चाललंय? दोनदा मी तिला तसं सुनावलं. ती “बरं मॅडम” म्हणाली आणि पुन्हा तसंच करत राहिली.

फेब्रुवारीत बारामतीला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून आलेल्या बाईंनी प्रत्येकीला एक कागद दिला आणि म्हणाल्या, तुमच्या मनातलं सगळ्यात पक्कं मूल्य यावर लिहा. मी लिहिलं, ‘संसार टिकला पाहिजे.’ बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “छान आहे. हे तुमचं आहे. समोर बसलेल्या बाईचंही हेच आहे का, ते रोज नव्यानं विचारायचं.” मला राग आला. एसी हॉलमध्ये बसून बोलायला काय जातं? एक दिवस इंदापूरला येऊन सासू-सुनेच्या मध्ये बसा म्हणावं. बाहेर पडताना मी समिनाला तसं बोलूनही दाखवलं. ती हसली नाही, मला तेही खटकलं.

मार्चमध्ये संस्कृतीची केस आली. कळस गावची मुलगी, वय तेवीस. नवरा दिग्विजय लोणी देवकरला एका कारखान्यात कामाला, तिथंच जवळ भाड्याची खोली घेऊन राहणारा. ती चार महिन्यांपासून माहेरी. तक्रार काय, तर तो शिफ्टला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जातो आणि तिचा मोबाईल स्वतःबरोबर नेतो.

पहिल्या दिवशी ती वडिलांबरोबर आली. वडील सावळाराम ऊसवाले, साधे, हातात टोपी धरून बसलेले. मी नेहमीचं विचारलं.

“मारतो का?”

“न्हाय,” संस्कृती म्हणाली.

“दारू?”

“न्हाय.”

“दुसरी बाई वगैरे?”

“न्हाय.”

मी पेन खाली ठेवलं. अकरा वर्षांत मी काय काय बघितलंय! हात मोडलेल्या बायका, भाजलेल्या बायका. इथं नोकरीवाला, निर्व्यसनी पोरगा, आणि तक्रार कुलपाची. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही, असं मी तिला म्हणालेसुद्धा. सावळाराम म्हणाले, “आमी बी तेच सांगतुय, मॅडम.”

पुढच्या बुधवारी दोन्हीकडची मंडळी बोलावली. दिग्विजय त्याच्या चुलत्यांना, विजयसिंहरावांना, घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. आल्या आल्या माझ्या पाया पडला आणि मला ‘काकू’ म्हणाला. मी तिथंच विरघळले. सुनावलं त्याला, नाही असं नाही. बायको म्हणजे काय शेळी आहे का कोंडून ठेवायला, असं सरळ विचारलं.

“काकू, तितं सगळी कामगार पोरं ऱ्हातात, बाहेरगावची. काळजीपोटी करतुय,” तो म्हणाला. “पण तुमी म्हणताय तर न्हाय लावणार कुलूप.”

“आणि मोबाईल?”

“त्येचं बी बघू.”

चाळीस मिनिटांत मिटलं. मी संस्कृतीकडे वळून म्हणाले, “मग? ठरलं ना?” ती म्हणाली, “तुमी म्हणाल तसं.” मी फॉर्मवर लिहिलं, ‘महिलेची संमती आहे.’ नंतरच्या चौकशीसाठी फोन नंबर हवा असतो, तो दिग्विजयनं सांगितला, मी लिहून घेतला. मग उठून कपाट उघडलं, ताट लावलं.

संस्कृती उभी राहिली. त्या दिवशी वडिलांनी तिला मुद्दाम साडी नेसायला लावून आणलं होतं. मी कुंकू लावलं. ओंजळीत तांदूळ घेतले. तिनं पदर पुढं केला नाही.

“धर की पदर. मॅडम थांबल्यात,” सावळाराम म्हणाले.

तिनं पदराचं टोक हातात धरलं, पण पसरलं नाही. माझ्या बोटांतून चार दाणे फरशीवर सांडले.

“मॅडम, एक मिनिट,” समिना म्हणाली. ती कोपऱ्यातल्या टेबलावरून उठून आली होती. “तिला एकदा एकटीला विचारू या का?”

सगळ्यांसमोर! माझं डोकंच फिरलं. काल आलेली पोर, आणि पाहुण्यांसमोर मला शिकवते. “विचारलंय मी,” मी म्हणाले.

“कधी?”

तिनं ते अगदी हळू विचारलं. टोचून विचारलं असतं तर मी तिला सोडलं नसतं. पण तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि मी उत्तर शोधायला लागले. पहिल्या दिवशी वडील शेजारी होते. आज सगळी खोली भरलेली. मी त्या मुलीशी एकटीशी एक मिनिटही बोलले नव्हते.

“विजयसिंहराव, सगळ्यांना घेऊन जरा चहा घेऊन या,” मी म्हणाले.

“आत्ताच झाला की.”

“आणखी एकदा घ्या.”

ते गेले. समिनानं दार लोटलं. मी ताट हातात घेऊनच उभी होते.

“तुला नांदायला जायचंय ना?” मी विचारलं, आणि माझ्या कानांना तो ‘ना’ पहिल्यांदाच ऐकू आला. मी ताट खाली ठेवलं, बसले. “संस्कृती, तुला काय करायचंय?”

माझ्या जिभेवर पाच वाक्यं तयार होती. मी ती गिळली, आणि हे मला सोपं गेलं नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मॅडम, ओटी भराय लागल्यावर न्हाय म्हणता येतं का?”

“म्हणजे तुला नाही म्हणायचं होतं?”

“म्हणायची येळच कुठं आली? त्या दिवशी आबा बोलले, तुमी बोलला. आज ते बोलले. मग तुमी ताट आणलं. सवाष्णीनं ओटी नाकारू न्हाई म्हणत्यात. माझी आय घरी पयलंच इचारल, ओटीला न्हाय म्हणलीस?”

अकरा वर्षं. एकीनंही कां-कू केलं नाही.

मग ती बोलायला लागली. दिवाळीच्या आधी एकदा दिग्विजय दुपारच्या शिफ्टला गेलेला असताना खोलीत गॅसचा वास सुटला. टाकीचं बटण फिरेना. बाहेर कुलूप, हातात मोबाईल नाही. तिनं खिडकीच्या गजांना तोंड लावून हाका मारल्या. शेजारच्या खोलीतल्या बाईनं ऐकून दिग्विजयला फोन केला. तो शिफ्ट संपवूनच आला.

“हे तू मला का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलं मारतो का. मी न्हाय म्हणाले. दुसरं काय इचारलंच न्हाय.” ती साधेपणानं म्हणाली, तक्रार म्हणून नाही. मग टेबलावरच्या फॉर्मकडे बघून म्हणाली, “नंतर तुमी फोन करता म्हणं, बरं चाललंय का इचाराय. तो कुणाला करता?”

फॉर्मवर दिग्विजयचा नंबर होता. माझ्याच अक्षरात.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

मंडळी चहा पिऊन आली. मी उभी राहून सांगितलं, “समझोता होत नाही. मुलीची संमती नाही.”

“आत्ता तर सगळं ठरलं!” विजयसिंहराव म्हणाले.

“आपलं ठरलं होतं. तिला मी विचारलंच नव्हतं. चूक माझी आहे.”

दिग्विजय समिनाकडे बघून हसला. “काकू, कुणीतरी भरवलंय तिच्या डोक्यात.”

“माझ्याशी बोल,” मी म्हणाले. माझा आवाज चढला, आणि या वेळी तो योग्य माणसावर चढला होता.

सावळारामांचा चेहरा उतरला होता. “मॅडम, तुमचं नाव ऐकून आलतो. आता भावकीत काय सांगू?”

मी संस्कृतीकडे बघितलं. जे तिनं बंद दाराआड सांगितलं ते सांगायचा हक्क मला नव्हता. तिला ते कळलं असावं. “मी सांगते,” ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या तिनं वडिलांना सगळं सांगितलं. गॅस, कुलूप, खिडकी.

सावळाराम जावयाकडे वळले. “पाव्हणं, व्हय का?”

“आबा, तासा-दोन तासाचा तर प्रश्न हुता. शिफ्ट सोडून कसं येणार?”

सावळारामांनी टोपी डोक्यावर घातली, लेकीची पिशवी उचलली आणि “चल” म्हणाले. दारात संस्कृती थांबली. मी तिला म्हणाले, सोमवारी एकटी ये, पुढं काय करायचं ते तू सांगशील आणि मी ऐकेन. “येते,” ती म्हणाली. आपल्या पायांनी गेली.

पाहुणेही पाय आपटत गेले. मी समिनाला म्हणाले, “जुन्या फाइली काढ. सगळ्या.”

तिनं ‘का’ म्हणून विचारलं नाही. दोघींनी जमिनीवर बसून एकेक उघडली. प्रत्येक फाइलीत नंतरच्या चौकशीचा कागद, प्रत्येकावर माझा शेरा, ‘समाधानकारक.’ आणि नंबर? नवऱ्याचा. सासऱ्याचा. दिराचा. अकरा वर्षं मी नवऱ्यांना विचारत होते, बायको सुखात आहे का. आणि ते सांगत होते, बरं चाललंय, मॅडम.

मोनाची फाइल हाताला लागली. तीन वर्षांपूर्वी पाठवलेली, इंदापूरजवळच्याच एका वाडीवर. पदर पसरताना तिचे हात थरथरत होते हे मला आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, आनंदानं. मी नंबर लावला. नवऱ्यानं उचलला.

“नमस्कार मॅडम. बरं चाललंय सगळं.”

“मोनाला द्या.”

“ती कामात हाय. काय असंल ते मला सांगा की.”

“तिच्याशीच काम आहे. मी थांबते.”

तो काहीतरी पुटपुटला. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, भांडी वाजली, कुणीतरी हाक मारली. मी थांबले. पुष्कळ वेळानं तिचा आवाज आला.

“मॅडम? मला फोन?”

“हो, तुलाच. कशी आहेस, मोना?”

“बरी हाय,” ती म्हणाली. मग आवाजात काहीही न आणता म्हणाली, “स्पीकर चालू हाय, मॅडम.”

“मी उद्या सकाळी तुझ्याकडे येते,” मी म्हणाले.

“या,” ती म्हणाली. “लवकर या.”