ग्रीन टीचा चिवडा

सोमवारी सकाळी मॅडमची गाडी मुंबईला निघाली की बाहेरून फाटकाला कुलूप लागायचं, आणि तानी आत उभी राहून तो आवाज ऐकायची. मुरबाडच्या पुढे, रस्त्यापासून बरंच आत, चहूबाजूंनी उंच भिंत घातलेलं ते फार्महाऊस. "तू एकटी असतेस गं, तुझ्याच काळजीपोटी लावते," मॅडम म्हणायच्या. शुक्रवारी त्या परत येईपर्यंत तानी आत.

दोन हजार चार साली ती इथं धुण्याभांड्याला म्हणून आली. मॅडमना गहू सोसत नसे, आणि दूधतूप त्यांनी मनानंच सोडलं होतं. न्याहारीला त्या स्वतः ग्रॅनोला करायच्या. तानी बघूनबघून शिकली. जाडे पोहे, राजगिऱ्याच्या लाह्या, तीळ, बदामाचे तुकडे, खोबऱ्याचे काप. त्याला गुळाचा पातळ पाक आणि खोबऱ्याचं तेल चोळायचं, ट्रे मंद आचेच्या ओव्हनमध्ये सरकवायचा, आणि मग तिथून हलायचं नाही. सारखं खालीवर करत राहायचं. ग्रीन टीची वस्त्रगाळ पूड मात्र अगदी शेवटी, ट्रे बाहेर काढून जरा निवला की. आधी घातली तर कडू होते.

तो ग्रॅनोला मॅडमच्या मैत्रिणींना आवडला, मग मुंबईतल्या दुकानांना. "तुझ्या हातासारखा कुणाच्याच हाताचा होत नाही," मॅडम म्हणायच्या. पहिल्यांदा तानी फुलून गेली. पुढं पुढं तिला त्याच बोलण्याची धास्ती वाटू लागली. घरी जायचं म्हटलं की दिवाळीला ऑर्डर, शिमग्याला ऑर्डर. "एवढी जाऊ दे, मग खुशाल आठ दिवस जा." घरात फोन होता, पण त्यावरून बाहेर लावायला लॉक होतं, आणि ते उघडायचा आकडा मॅडमनाच ठाऊक. कुणी अंगावर हात टाकत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. मग तक्रार कसली करायची, हेच तानीला उमजत नसे.

दोन वर्षांनी, माघात, तिची आई सकुबाई गावाहून, उंबरमाळीच्या पाड्यावरून आली. फाटकाला कुलूप बघून ती खालीच बसली. गजांच्या अलीकडे तानी बसली.

"तुला मागणी आलीय गो. नवसू नाव त्याचं. भातसानगरला धरणावर कामाला जातो. चैतात उरकू म्हनतात."

"मॅडम सोडतील तर."

"आन् नाय सोडलं तर? तू काय ढोर हायस दावनीचं?"

तानीनं मूठभर ग्रॅनोला गजांतून दिला. सकुबाईनं चावून बघितला. "चिवडा गोड हाय, पन गवताचा वास येतो," ती म्हणाली, आणि उरलेला पदराला बांधून उठली.

शुक्रवारी तानीनं मॅडमना सांगितलं. त्या मनापासून हसल्या. "अगं, लग्न कर की. मी कोण अडवणारी? फक्त तुझ्या जागी कुणीतरी आण आणि तिला तयार कर. मग तू मोकळी."

मॅडमनी निरोप धाडला, आणि शनिवारी सकुबाईनं काजलला आणून सोडलं. ही तानीची चुलतबहीण, दहावीला दोनदा बसून घरी राहिलेली. पंखा, टीव्ही, स्वतःची खाट बघून काजल हरखली. तिचा हातही चलाख. पाक कुठवर आणायचा, ट्रे कधी हलवायचा, सगळं दोन दिवसांत उचललं. मॅडम खूश झाल्या.

सोमवारी गाडी निघाली. कुलूप लागलं.

"बाहेरून का गो लावतात?" काजलनं विचारलं.

"आपल्याच काळजीपोटी," तानी बोलून गेली, आणि आपल्याच तोंडून मॅडमचे शब्द तिला ऐकू आले. ट्रे आत होता. पोह्यांना नुकताच रंग येत होता. तिनं ओव्हन बंद केला, हात पुसले आणि मागं जाऊन आंबे उतरवायची शिडी भिंतीला लावली.

"कपडे घे. आपन निघतोय."

"मी कशाला? मला तर राहायचंय."

"माझं ऐक. चल."

काजल चढली, पण रडत. भिंतीवरून खाली उडी मारताना तिचा गुडघा खरचटला. मुरबाडला येईपर्यंत आणि पुढं शहापूरच्या एस्टीतही ती तानीशी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तुला लगीन हाय. मला काय हाय पाड्यावर?"

महिना गेला. एके दिवशी काजल आपणहून मुरबाडच्या गाडीत बसली आणि परत गेली. मॅडमनी तिला ठेवून घेतलं.

चैतात तानीचं लग्न लागलं. हळदीला काजल आली नाही, मांडवातही नाही. "ऑर्डर हाय म्हने," सकुबाईनं हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासरी निघताना ती नवसूला म्हणाली, "आधी मुरबाडला जाऊ. बहिनीला बगायचंय."

नवसू नवा नवरा, थोडा बुजलेला. "जाऊ," तो म्हणाला. "पन ती येत नाय म्हनाली तर?"

"तर नाय म्हनेल. तिनं मला तोंडावर सांगावं."

आणि तिनं चपला पायात सरकवल्या.