चालताना बोलता आलं पाहिजे

दोघी जावा एकाच इमारतीत राहत, थोरली खाली, धाकटी वर, आणि दोघींमधून विस्तव जात नसे. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात थोरली घरभर माणसं बसलेली असताना म्हणाली होती, "धाकटी यायची की अधूनमधून, पाहुणीसारखी." धाकटीने त्या आजारपणात किती रात्री उशाशी बसून काढल्या होत्या ते तिचं तिला ठाऊक. तिने त्या दिवशी ब्र काढला नाही, आणि पुढे कित्येक वर्षं काढलाच नाही. भावाभावांचं छान जमत होतं. एकमेकींचे निरोप वर-खाली पोचवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं होतं.

अशात जवळच्या दवाखान्याने चाळिशी-पन्नाशीच्या बायकांसाठी एक उपक्रम काढला. खाणं कसं असावं, व्यायाम कोणता करावा, झोप का लागत नाही, असा आठवड्यातून एक वर्ग, आणि बाकीचे दिवस चालायचं. धाकटीचा रक्तदाब ऐकेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला त्यात जवळजवळ ढकललंच. पहिल्या दिवशी ती खोलीत शिरली तर समोरच्याच खुर्चीवर थोरली, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिची साखर वाढली होती, हे धाकटीला तिथे कळलं.

परिचारिका उत्साही होती. एकटी बाई चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी घरी बसते, म्हणून तिने जवळ राहणाऱ्यांच्या जोड्या लावल्या. या दोघींचा पत्ता बघून ती म्हणाली, "अरे वा, तुम्ही तर घरच्याच! तुमची काळजी नाही." दोघींनी तोंडात गुळणी धरली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते दोघींच्याही जिवावर आलं.

परिचारिकेने वेग ठरवायची युक्ती सांगितली. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलताना धाप लागली तर वेग कमी करायचा, गाणं जमायला लागलं तर वाढवायचा.

थोरली शाळेच्या कार्यालयात टायपिंग करायची. नियम म्हणजे नियम, हा तिचा स्वभाव. पण बोलायचं कुणाशी? तिने तोड काढली. संध्याकाळी रस्त्याला लागलं की ती दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चालायची. "सायकल दुरुस्ती. स्वस्त धान्य. पडदे आणि गाद्या." चार पावलं मागून धाकटी तेराचा पाढा म्हणायची. येणारे-जाणारे वळून बघत. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर एकदा गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर वस्तरा थांबवून बघितलं.

दुसऱ्या महिन्यात एकदा थोरली म्हणाली, "शिवणयंत्रं दुरुस्त करून मिळतील," आणि धाकटीचा पाढा तुटला. शिवणयंत्राचं दुकान उठून बरेच महिने झाले होते. तिथे आता पक्ष्यांचे पिंजरे विकायला होते, आणि नवी पाटी हातभर अक्षरांत होती.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर माणसांना अक्षरं वाचायला लावणं हाच तिचा धंदा. तिने झपाझप पुढे येऊन विचारलं, "वहिनी, त्या पाटीवर काय लिहिलंय?"

इतक्या वर्षांनी हाक आली म्हणून थोरली थबकली. मग पाटीकडे न बघताच म्हणाली, "सांगितलं ना."

"पुढची सांगा."

"औषधं."

"ते बरोबर आहे. पण तुम्ही वाचत नाही आहात. पाठ म्हणताय."

थोरली म्हणाली, "उजव्याने मधलं दिसतच नाही. धुरकट डाग आहे, आणि आता डाव्यानेही अंधुक दिसतं. घरी सांगू नकोस, शाळेत कळलं तर मला घरी बसवतील."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"वर्ष!" धाकटी भर रस्त्यात ओरडली. तिने थोरलीचं मनगट धरलं आणि तिला थेट आपल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. मालकांनी भिंगं बदलून बदलून बघितली आणि मान हलवली. नंबरचा प्रश्न नव्हता, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने रजा टाकली. डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्यावर थोरलीला उजेड सोसेना, ती डोळे मिटून बाकावर बसली. तशीच, मिटल्या डोळ्यांनी, ती म्हणाली, "त्या वेळी मी लोकांसमोर बोलले ते तुला लागलं असेल."

"लागलंच."

"आईंचं उठवणं-बसवणं मी करायची. आणि हाक मारायच्या तुला. मी समोर उभी असायची, तरी तुलाच. मला त्यांचा राग आला होता. तो तुझ्यावर काढला."

धाकटीला हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "पण मी रात्री यायची, वहिनी. तुम्ही झोपलेल्या असायच्या."

"हो. तेही मी सांगितलं नाही कुणाला."

आतून नाव पुकारलं. धाकटीने तिला हाताला धरून आत नेलं. बाकीचं बोलणं तिथेच राहिलं, आणि पुढे दोघींपैकी कुणी ते काढलं नाही.

साखरेने डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की उजवा पूर्ववत होणार नाही, मात्र आहे तेवढी नजर टिकेल. डावा वेळेत हाती लागला होता. थोरलीने शाळेत स्वतःच सांगून टाकलं. तिला घरी बसवलं नाही. चौकशीच्या खिडकीवर बसवलं, आणि तिथे ती पालकांना धारेवर धरू लागली. उपक्रम संपला तेव्हा धाकटीची एक गोळी कमी झाली होती. वजन दोघींचं फारसं हललं नव्हतं.

पण हे सगळं पुढचं. उपचार सुरू झाले त्या दिवशी धाकटी कामावरून परतल्यावर जिना चढली नाही, तिने खालचं दार वाजवलं. थोरल्या दिरांनी उघडलं, तिला बघून गोंधळले, आणि काय निरोप आहे म्हणून उभेच राहिले.

"निरोप नाही, दादा. डोळ्यात औषध घालायचंय."

थोरली खिडकीपाशी उशीला टेकून बसली होती. धाकटीने हात धुतले, बाटली हलवली आणि अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली.

"वर बघा."

थोरलीने वर बघितलं. "झालं?"

"हलू नका. हा एक थेंब गालावर गेला."