भिंतीचं मोजमाप

मृणालीने अंतर मोजायच्या गेजचे दोन्ही पाय भिंतीतल्या पितळी खुणांवर टेकवले आणि काटा वाचला. वहीत आकडा लिहिला, खोडला, पुन्हा गेज लावलं. आकडा तोच आला.

पहिल्या मजल्यावर घरमालक अब्दुर्रहमानचाचांचे बारा लूम, यंत्रमाग, चालू होते, मिनिटाला सव्वाशे ठोके. त्याच्याही वर सहा खोल्यांत भाडेकरू. सगळा भार तळमजल्यावरच्या या विटांच्या भिंतीवर.

पीएच.डी.साठी मृणालीने शेजारच्या गल्लीत पाडलेल्या कारखान्याच्या विटा प्रयोगशाळेत नेल्या होत्या. त्यांचे बुटके खांब रचून यंत्रात दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, हजारो वेळा. एकदाच ठेवलं असतं तर जे ओझं सहज पेललं असतं, त्याच ओझ्याखाली खांब शेवटी उभे चिरत गेले. आधी ते भराभर दबत, मग फार संथ, मग चिरण्याआधी पुन्हा वेगाने. त्यावरून तिने गणित मांडलं होतं. चाचांची भिंत अकरा महिने त्या गणिताप्रमाणेच वागत होती. गेल्या दोन आठवड्यांत ती पुन्हा वेगाने दबू लागली होती.

"चाचा, लूम आजच बंद करा. वरच्यांनाही हलवा," ती शेजारी उभ्या चाचांना म्हणाली.

"कधी पडेल?"

"तारीख नाही सांगता येत. गणितात दिवस नसतात, ठोके असतात."

चाचांनी भिंतीवर तळहात ठेवला.

"अब्बांनी बांधलेली," ते म्हणाले. "लूम बंद करतो. वरच्यांना तूच सांग बेटा. पालिकेच्या नोटिसा बघून बघून त्यांना आता काही वाटत नाही."

मृणाली जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली. पहिलंच दार हफसाचं. तीन आठवड्यांपूर्वी राहायला आलेली. कडेवर किरकिरणारी तान्ही मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पण मॅडम, तुम्ही दर शुक्रवारी भिंत बघायला येता ना?"

"येते."

"म्हणूनच तर ही खोली घेतली आम्ही. पहिल्या बिल्डिंगमध्ये कोण बघायलाच येत नव्हतं. हबीबाचाची बोलल्या, इथे इंजिनीअर मॅडम येतात, फिकीर करू नका. समोरच्या खोलीतले पण सोडून निघाले होते, मग तुम्हाला बघून थांबले."

मृणालीने दाराची चौकट धरली. अकरा महिन्यांत चाचांच्या बायकोने, हबीबाचाचींनी, कितीदा तिला चहा दिला होता. 'सब ठीक?' असं विचारल्यावर ती दर वेळी वहीतून डोकं वर न काढता 'हो' म्हणाली होती.

खाली एक लूम थांबला. मग दुसरा. एकेक करत बाराही. घरात अशी शांतता पसरली की नळाची धार ऐकू यायला लागली.

"बघा, बंद केले," हफसा सुटका झाल्यासारखी हसली. "आता काय टेन्शन नाही ना?"

"आहे. आता नुसत्या वजनानेही भिंत जाऊ शकते. हफसा, ऐक माझं, आजच्या आज—"

"श्श."

हफसाने खांद्यावरचं डोकं हलकेच सावरलं. मुलीचे डोळे मिटले होते.

"हळू बोला मॅडम," ती कुजबुजली. "इथे आल्यापासून दुपारची पहिल्यांदा झोपलीय."